आयटीआयच्या मुलांना हवा शिकतानाचा निर्वाहभत्ता

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

राज्य शासनाच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. हा निर्णय मनापासून स्वागतार्ह आहे. त्याचा लाभ झालेल्या कितीतरी मुलींचे अर्ज मी स्वतः भरले आहेत. मात्र गरीब घरातल्या मुलांच्या व्यावसायिक शिक्षणाचा प्रश्न त्यामुळे बहुतांशी मिटला, असा जो समज सार्वजनिक चर्चेत रुजू लागला आहे, तो आयटीआयच्या आणि दहावीनंतर पदविकेला जाणाऱ्या मुलांना लागू पडत नाही, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. या मुलांचे शिक्षण शुल्कापायी अडते त्याहून अधिक रोजच्या प्रवासापायी, दोन वेळच्या जेवणापायी आणि खोलीच्या भाड्यापायी अडते, आणि आपली शिष्यवृत्तीची सारी व्यवस्था नेमक्या याच खर्चाकडे सर्वांत कमी लक्ष देते.

मी कोल्हापुरात कळंबा परिसरात महा-ई-सेवा केंद्र चालवते. शासकीय आयटीआय जवळ असल्यामुळे प्रवेश सुरू झाल्यापासून शिष्यवृत्तीची मुदत संपेपर्यंत माझ्याकडे प्रशिक्षणार्थी आणि त्यांचे पालक सतत येत असतात. कोणी गगनबावड्याकडचे, कोणी राधानगरी-भुदरगडच्या डोंगरपट्ट्यातले, कोणी शाहूवाडीतल्या धनगरवाड्यावरून आलेले, तर कोणी शहरातल्याच वस्तीतले. वडील गवंड्याच्या हाताखाली किंवा फाउंड्रीत ठेकेदाराकडे, आई दुसऱ्याच्या शेतात किंवा चार घरची धुणीभांडी करणारी, अशी ही घरे आहेत. दाखले स्कॅन करताना माणूस आपल्या घरची स्थिती मोकळेपणाने बोलतो, म्हणून या कुटुंबांचे हिशेब मला बरेच जवळून कळतात.

तो हिशेब साधारण असा असतो. शासकीय आयटीआयचे शुल्क मुळातच थोडे असते आणि मागास प्रवर्गांतील मुलांना त्यातही सवलत मिळते. परंतु फिटर, टर्नर किंवा मशिनिस्ट या ट्रेडला प्रवेश घेतलेल्या मुलाला पहिल्याच महिन्यात सेफ्टी शूज, वर्कशॉपचा गणवेश, ड्रॉइंगचे साहित्य आणि पुस्तके घ्यावी लागतात. पदविकेच्या मुलाला त्यात मिनी ड्राफ्टर आणि जर्नलांची भर पडते. एसटीच्या मासिक पासात विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत आहे आणि ती मोठीच मदत आहे, पण पास असला म्हणून सकाळच्या पाळीला वेळेत पोहोचवणारी गाडी गावातून सुटतेच असे नाही. तालुक्याच्या आयटीआयमध्ये हवा तो ट्रेड मिळाला नाही, की मुलाला कोल्हापुरात चौघांत एक खोली करून राहावे लागते आणि मेसचा डबा लावावा लागतो. पावसाळ्यात पंचगंगेला पूर आला, की कोल्हापूर-गगनबावडा रस्त्यावर पाणी येऊन वाहतूक बंद पडते. त्या दिवसांत घरून ये-जा करणारा मुलगा वर्कशॉपला मुकतो. अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला बसण्यासाठी ८० टक्के हजेरी लागते, त्यामुळे हे बुडालेले दिवस पुढे फार जड जातात. डब्याचे पैसे जमवण्यासाठी जो मुलगा आठवड्यातले दोन दिवस कुठे हेल्पर म्हणून जातो, त्याची हजेरी तर आणखीच लवकर घसरते आणि हजेरी घसरली की शिष्यवृत्तीही धोक्यात येते.

आता या मुलाला मिळते काय, ते पाहावे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या केंद्र पुरस्कृत मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची नवी रचना २०२१ पासून लागू झाली. तीत अभ्यासक्रमांचे चार गट आहेत. पहिल्या गटात म्हणजे व्यावसायिक पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांत वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाला १३,५०० रुपये आणि घरून येणाऱ्याला ७,००० रुपये भत्ता आहे. आयटीआय आणि तीन वर्षांची पदविका चौथ्या गटात आहेत. तेथे वसतिगृहवासीयाला ४,००० आणि घरून येणाऱ्याला २,५०० रुपये मिळतात. २,५०० रुपये वर्षाचे म्हणजे महिन्याचे जेमतेम २०८ रुपये. अभियांत्रिकी पदवीच्या विद्यार्थ्याला ७,००० मिळतात याचे मला वाईट वाटत नाही. तेही अपुरेच आहेत. पण पदवीच्या मुलाची भूक आणि आयटीआयच्या मुलाची भूक यांत फरक तो काय? एसटीचा कंडक्टर अभ्यासक्रमाचा गट विचारून तिकीट देत नाही. उलट यंत्रावर उभे राहून आठ तास शिकणाऱ्या मुलाचे अंगमेहनतीचे दिवस अधिक असतात आणि त्याच्या घरी सहसा पदवीच्या मुलाच्या घराहून कमीच असते.

राज्य शासनाने २०२३ साली आयटीआयच्या पात्र प्रशिक्षणार्थ्यांचे विद्यावेतन दरमहा ५०० रुपये करण्याचा निर्णय घेतला. त्याआधी कित्येक वर्षे ते ४० रुपयांवर अडकले होते, म्हणून ही वाढ मोलाची आहेच. तरीही याच शासनाच्या दुसऱ्या एका योजनेशी तिची तुलना केल्यावाचून राहवत नाही. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आयटीआय किंवा पदविका पूर्ण केलेल्या तरुणाला कार्यप्रशिक्षणाच्या काळात दरमहा ८,००० रुपये विद्यावेतन ठरवले गेले. शिकाऊ उमेदवारांच्या २०१९ च्या सुधारित नियमांतही आयटीआय प्रमाणपत्रधारकाला किमान ७,००० रुपये ठरवण्यात आले होते. म्हणजे शिक्षण संपल्यावर मदतीचा हात हजारांत पुढे येतो आणि शिक्षण चालू असताना, जेव्हा मुलगा गळण्याची भीती सर्वांत अधिक असते तेव्हा, तो शेकड्यांत असतो. जो मुलगा पहिल्या वर्षाच्या दिवाळीनंतर परत आलाच नाही, त्याच्यापर्यंत पुढच्या या दोन्ही योजना कधी पोहोचतच नाहीत.

मुलींच्या बाबतीत ही तफावत आणखी ठळक आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची प्रगती शिष्यवृत्ती तंत्रनिकेतनात पदविकेला प्रवेश घेतलेल्या निवडक मुलींना वर्षाला ५०,००० रुपये देते, आणि अपंग विद्यार्थ्यांसाठीची सक्षम शिष्यवृत्तीही तेवढ्याच रकमेची आहे. या योजना उत्तम आहेत. परंतु आयटीआय त्या परिषदेच्या कक्षेत येत नाही, त्यामुळे इलेक्ट्रिशियन किंवा मशिनिस्ट होऊ पाहणाऱ्या मुलीला प्रगतीचे दार बंद असते. शाळेत एकाच बाकावर बसलेल्या दोन मैत्रिणींपैकी एक तंत्रनिकेतनात गेली आणि दुसरी आयटीआयमध्ये, तर एकीला ५०,००० आणि दुसरीला महिन्याचे ५००, आणि अनेकदा दुसरीच्या घरची गरज अधिक असते. इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गांतील, वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी राज्याने ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आणली आहे. तीत गावाच्या वर्गवारीनुसार वर्षाला ३८,००० ते ६०,००० रुपये मिळू शकतात. पण ती बारावीनंतरच्या शिक्षणासाठी आहे. दहावी होऊन थेट वेल्डर किंवा फिटरच्या वर्गात बसलेला धनगरवाड्यावरचा मुलगा तीत बसत नाही.

रक्कम किती, या प्रश्नाइतकाच ती केव्हा मिळते हा प्रश्न गंभीर आहे, आणि याबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण हे रोज डोळ्यांसमोर घडते. आयटीआयचा प्रवेश एका संकेतस्थळावर होतो आणि शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या राज्य शासनाच्या दुसऱ्या संकेतस्थळावर. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवास, गुणपत्रक ही तीच कागदपत्रे मुलाने दोनदा जोडायची असतात. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आधी तलाठ्याचा अहवाल, मग तहसील कार्यालय. त्यासाठी बापाला दोन-तीन दिवसांची मजुरी सोडावी लागते. नॉन-क्रिमीलेअर वेळेत निघाले नाही तर अर्ज थांबतो. गुणपत्रकावरच्या आणि आधारवरच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असला, तर अर्ज त्रुटीत जातो आणि तो त्रुटीत गेल्याचा संदेश येतो वडिलांच्या अशा मोबाइल क्रमांकावर, जो रिचार्जअभावी कधीच बंद पडलेला असतो.

यापुढची अडचण बँकेची. सर्वसाधारण समजूत अशी, की अर्जात जो खाते क्रमांक लिहिला त्यात पैसे येतील. प्रत्यक्षात थेट लाभाची रक्कम आधारशी शेवटी जोडल्या गेलेल्या बँकेत जाते. पाचवी-सहावीत असताना शाळेने काढून दिलेले खाते, दहावीनंतर काढलेले दुसरे खाते आणि मध्येच कुणी मोबाइलवर उघडून दिलेले तिसरे, यांपैकी आधार कशाला जोडलेला आहे हे मुलाला ठाऊक नसते. वर्षभर पैसे आले नाहीत म्हणून हवालदिल झालेल्या मुलाची रक्कम भलत्याच खात्यात जाऊन पडलेली मी पाहिली आहे, आणि व्यवहार नसल्यामुळे बंद पडलेल्या खात्यावरून ती परत गेलेलीही पाहिली आहे. काही योजनांत हप्ता मंजूर झाल्यावर विद्यार्थ्याने आपल्या लॉगिनमधून तो रिडीम करायचा असतो, हे सांगणारे कोणी भेटले नाही तर मंजूर झालेला हप्ताही तसाच पडून राहतो. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत राज्याचा ४० टक्के वाटा आधी जमा झाला, की मग केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. पहिला उशिरा आला तर दुसराही तितकाच लांबतो. या सगळ्यातून एक वर्षाचा ट्रेड करणाऱ्या मुलाच्या हाती पैसे पडतात, तेव्हा त्याची परीक्षा तोंडावर आलेली असते किंवा होऊनही गेलेली असते. ज्या खर्चासाठी भत्ता होता तो खर्च तोवर उसनवारीने किंवा आईचे मणी गहाण टाकून भागवलेला असतो.

पारदर्शकतेसाठी ऑनलाइन पद्धत आली आणि मधल्यामध्ये होणारी गळती तिने रोखली, हे मान्य करायलाच हवे. मला तक्रार त्या पद्धतीबद्दल नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने आणि त्याच्या अल्पशिक्षित पालकांनी ही सगळी साखळी एकट्याने पार पाडावी, या अपेक्षेबद्दल आहे. प्रवेश निश्चित होतो त्याच दिवशी, त्याच खिडकीवर संस्थेने शिष्यवृत्तीचा अर्ज भरून घ्यावा, प्रवेशासाठी तपासलेली कागदपत्रे पुन्हा मागू नयेत आणि आधार कोणत्या बँकेशी जोडलेला आहे ते तिथेच तपासून द्यावे, एवढे झाले तरी माझ्यासारख्या केंद्रांपुढची निम्मी रांग नाहीशी होईल. माझा व्यवसाय त्यामुळे थोडा कमी होईल, तरी तो व्हावा असे मला वाटते. अनेक आयटीआयमधले निदेशक, म्हणजे ट्रेड शिकवणारे शिक्षक, स्वतःचा वेळ घालून मुलांचे अर्ज तपासतात हेही मी जाणते. पण हे काम कुणाच्या चांगुलपणावर सोपवून भागणार नाही.

उत्पन्नाच्या मर्यादेबद्दलही दोन शब्द लिहावेत असे वाटते. शुल्कसवलतीसाठी आठ लाखांची मर्यादा आहे. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी २०१३ पासून चालत आलेली मर्यादा अडीच लाखांची आहे, म्हणजे महिन्याला २०,८३३ रुपये. आई आणि वडील दोघेही मजुरी करत असतील तर ही रेषा ओलांडायला आज फारसे लागत नाही. जी आई घर सावरायला बाहेर पडली, तिच्या कमाईमुळेच मुलगा अपात्र ठरावा, हे योजनेच्या हेतूशी विसंगत आहे.

हे सारे कोल्हापुरातून लिहिताना राजर्षी शाहू महाराजांचा उल्लेख होणे अपरिहार्य आहे, पण तो केवळ आदरापोटी करत नाही. महाराजांनी केलेल्या कामांचा क्रम मला इथे महत्त्वाचा वाटतो. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले, त्यानंतर जैन, मुस्लिम, लिंगायत बोर्डिंगे झाली, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह झाले. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम त्यानंतर, १९१७ मध्ये आला. म्हणजे खेड्यातून आलेल्या मुलाची राहण्या-जेवण्याची सोय त्यांनी शुल्काच्याही आधी पाहिली. मुलाला शहरात टिकता आले नाही तर शाळेचे दार उघडे ठेवून उपयोग नाही, हे त्यांना पक्के उमगले होते. दसरा चौकात आणि आसपास आजही उभी असलेली बोर्डिंगे त्या विचाराची साक्ष देतात. आज त्यांच्याच नावाने चालणारी राज्याची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती मात्र शिक्षण आणि परीक्षा शुल्कापुरती आहे. ज्या जिल्ह्याला वसतिगृहांची जननी म्हणून ओळखले जाते, त्या जिल्ह्यात आयटीआयच्या मुलाला राहायला जागा नाही म्हणून ट्रेड सोडावा लागणे मला असह्य वाटते.

केंद्राने चौथ्या गटाचा भत्ता वाढवावा आणि तो पहिल्या गटाच्या बरोबरीने आणावा, ही मागणी आपल्या जिल्ह्यातील दोन्ही खासदारांनी संसदेत मांडावी. राज्याने ज्ञानज्योती आधार योजनेत आयटीआयचा समावेश करावा आणि प्रगतीच्या धर्तीवर आयटीआयमधील मुलींसाठी स्वतंत्र शिष्यवृत्ती सुरू करावी. या गोष्टींना वेळ लागेल. तोवर जिल्ह्यालाही काही करता येईल. जिल्हा नियोजन समितीकडे नावीन्यपूर्ण योजनांसाठी तरतूद असते. तिच्यातून जिल्ह्यातल्या अत्यंत गरजू ५०० प्रशिक्षणार्थ्यांना दरमहा २,००० रुपये असे दहा महिने दिले, तर एक कोटी रुपये लागतात. रस्त्याच्या एखाद्या कामापेक्षा ही रक्कम मोठी नाही. अट एकच असावी, की पैसे प्रवेशानंतरच्या पहिल्या महिन्यापासून आणि दरमहा मिळावेत.

उद्योजकांकडेही माझे आग्रहाचे मागणे आहे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगलेच्या पंचतारांकित वसाहतीत मिळून तीनशेच्या आसपास फाउंड्री आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली असंख्य मशिन शॉप आहेत. सीएनसी चालवणारा, ड्रॉइंग वाचणारा, मोल्डिंगमधले दोष ओळखणारा हात मिळत नाही, ही त्यांची कायमची तक्रार आहे. तो हात जिथे घडतो तिथे मुले अर्ध्यात गळत असतील, तर तक्रार करून उपयोग नाही. कंपनी कायदा, २०१३ नुसार पाच कोटी किंवा त्याहून अधिक निव्वळ नफा असलेल्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते आणि व्यवसाय कौशल्यांचे शिक्षण त्या कायद्याच्या अनुसूचीत स्पष्टपणे नमूद आहे. या मर्यादेत न बसणारे लहान कारखानदारही चार-पाच जण मिळून एका मुलाचा डबा आणि पास सहज उचलू शकतील. मात्र मदतीच्या बदल्यात आमच्याकडेच इतकी वर्षे काम केले पाहिजे, असा करार मुलाकडून लिहून घेऊ नये. ती मदत राहणार नाही, उचल होईल, आणि उचलीने बांधलेली माणसे काय भोगतात हे ऊसपट्ट्यात राहणाऱ्या आपल्याला वेगळे सांगायला नको.

शेवटचे मागणे आपल्या जिल्ह्यातील पतसंस्था, सहकारी बँका, दूध संस्था, तालमी आणि गणेश मंडळे यांच्याकडे आहे. दरवर्षी जून-जुलैत गुणवंतांचे सत्कार होतात. ९० टक्क्यांच्या वर गुण मिळवलेल्या मुलांना रोख बक्षिसे आणि शिष्यवृत्त्या दिल्या जातात. ते जरूर चालू ठेवावे. पण ५५ टक्के मिळवून आयटीआयला गेलेला, सुट्टीत वीटभट्टीवर राबून दहावी झालेला मुलगा त्या व्यासपीठावर कधीच दिसत नाही, कारण पात्रतेची अट गुणांची असते. या निधीतला काही भाग गुणांची अट न लावता, केवळ घरची स्थिती आणि वर्गातली हजेरी पाहून, व्यवसाय शिक्षण घेणाऱ्या मुलांसाठी ठेवावा. निवड संस्थेतल्या निदेशकांवर सोपवावी. कोणाच्या पायात बूट नाहीत आणि कोण उपाशीपोटी वर्कशॉपला उभा आहे, हे त्यांच्याइतके कोणाला माहीत नसते. पुढचे प्रवेश सुरू होण्यापूर्वी एखाद्या संस्थेने असा निर्णय घेतला, तर अर्जांचे आणि दाखल्यांचे काम माझ्या केंद्रातून कोणतेही शुल्क न घेता करून देण्याची माझी तयारी आहे.

आपली विश्वासू,
एक महा-ई-सेवा केंद्रचालक,
कळंबा, कोल्हापूर